गो, नो-गो

उद्यमबागेत बत्तीस वर्षं
भोकाच्या तोंडाशी गेज धरून बसलो.
एका टोकावर गो, दुसऱ्यावर नो-गो.
गो सरकलं पाहिजे,
नो-गो अडलं पाहिजे.
दोन्ही आत गेली तर माल भंगारात
आणि शेडभर शिवलिंगप्पाचा आवाज :
ब्याड, भावकाण्णा, ब्याड.

रिटायर झालो तरी चिमूट ऐकेना.
खिडकीचा गज, बशीची कड, वर्तमानपत्राचं पान,
जाडी बघत बसायचो.
म्हटलं, एक मायक्रोमीटर घ्यावा, स्वतःचा.
ही म्हणाली, आता काय मोजणार घरात, भाकरी?

मेव्हण्यानं लिंक पाठवली. निम्मी किंमत.
शेवटचे दोन नग,
शेजारी सेकंद खाणारं घड्याळ.
समोरच्याला घाई दिसली की मी चष्मा पुसतो.
वरच्या पट्टीतलं नाव
अक्षराखाली बोट धरून वाचलं.
एका जागी एल दोनदा.
कंपनीला एकच पुरतो, मला ठाऊक,
त्या नावाच्या खोक्यावर डबा ठेवून मी जेवलोय.
केसाएवढ्या फरकानं
अख्खी ट्रॉली परत गेलेली पाहिलीय.
बंद केलं.

खरं दुकान हुडकलं, नाव स्वतः टाइप करून.
नातू डोकावला, आजोबा, काय करूलालाय?
सोळा आकडे घातले, चार-चारचे ढीग लावून.
पाठीवरचे तीन अंगठ्याआड,
नातवापासूनही.
कार्ड लक्षात ठेवू का, दुकानानं विचारलं.
नको बाबा.
तुझी आठवण माझ्यापेक्षा चांगली, म्हणूनच नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन.
बँकेतनं, आणि मराठीत!
तेही कसलं मराठी, ताकासारखं,
काका, मी सावंत, खानापूरकडचाच,
तुमच्या कार्डावर हुबळीत कुणीतरी टीव्ही घेतोय,
थांबवूया ना आपण?
आपण, म्हणाला.
कार्डाचे शेवटचे चार आकडेही त्यानंच वाचून दाखवले.
कुठं गळले, देव जाणे.
आता नंबर येईल काका, तेवढा सांगा.

आला.
मी सात म्हटलंसुद्धा.

मग चष्मा.
मेसेजमध्ये लिहिलेलं,
अठरा हजार चारशे देण्यासाठी हा नंबर.
देण्यासाठी.
थांबवण्यासाठी असं कुठंच नव्हतं.
पलीकडून, बोला ना काका, आपलीच माणसं आपण,
आणि मला शिवलिंगप्पा आठवला.
आयुष्यात एक वाक्य मराठीत बोलला नाही,
आणि एक मायक्रॉन खोटा लिहिला नाही.

ब्याड, म्हटलं मी फोनमध्ये.
सावंत बावचळला.
काय म्हणालात?
ब्याड.
त्याला तेवढंसुद्धा कळलं नाही,
खानापूरकडचाच म्हणे.

फोन ठेवला, हात कापत होता.
त्यानं दिलेला नंबर लावला नाही,
कार्ड उलटं करून पाठीवरचा लावला.
पलीकडे पोरगी कानडीत सुरू झाली,
माझं कानडी शेडमधलं, शिव्यांसकट,
तिला पुरलं.
कार्ड बंद. नवीन येईल.
त्याचं लिमिट पाच हजार करून घेतलं,
आणि ऑनलाइनचं बटण
खरेदीपुरतं लावायचं, मग विझवायचं,
न्हाणीतल्या दिव्यासारखं.
हिला सात सांगितल्याचं सांगितलं नाही.
अजून नाही.

गुरुवारी मायक्रोमीटर आला.
पेटीत निळं मखमल, तेलाचा वास,
डोळे मिटले की पहिली शिफ्ट.
आधी हिचा एक केस मोजला, ती रागावेपर्यंत.
मग जुनं कार्ड, कातरीनं कापण्याआधी.
रॅचेट तीनदा वाजू दिलं.

शून्य पूर्णांक शहात्तर मिलिमीटर.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
वहीत लिहून ठेवलं, खाली तारीख, सही.
आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात,
जो घरच्या वहीत नसतोच,
त्याचं नाव.