दार पुसताना

उजैर माझ्या बहिणीचा मुलगा, वय एकोणीस,
म्हसळ्याहून मनामाला येऊन सात महिने झाले,
अजून लिफ्टमध्ये शिरताना बिस्मिल्ला म्हणतो.

त्याच्या बोटांवर लाल रंग होता.
मी भातावर आमटी ओतत होतो, पळी तशीच राहिली.
तिसऱ्या मजल्यावरचं दार रात्री कुणी रंगवलं
हे विचारायची गरजच उरली नाही.

मिलका आवसकर, डायलिसिसची नर्स,
गुदैबियाच्या ह्या इमारतीत बारा वर्षं.
एकदा रात्री दोनला माझी साखर उतरली,
तेव्हा तिने चमच्याने मध भरवला
आणि शुद्ध मराठीत झापलं.
तरी कामावर कुणी ‘ते लोक’ म्हणून सुरू झालं
की मी कपातला चहा ढवळत बसायचो.
माझ्या चहात साखर नसते.

थिनरचा डबा, जुनी बनियन आणि उजैर,
तिघांना घेऊन जिना चढलो.
लिफ्ट चालू होती.

तिने दार उघडलं. आधी त्याचे हात पाहिले.
“पहिलं दार. मग बोलू.”

तासभर तो घासत होता.
चौकटीवर ती छोटी तिरपी डबी, मेझुझा,
दगड लागून तिचा टवका उडालेला.
“तिला हात नको. ती मी पुसेन.”
एवढ्याच वेळी तिचा आवाज हलला.

मग खुर्च्या. पाणी. चहा नाही.
“आता सांग, आमच्याबद्दल काय काय ऐकलंयस?
लाजू नकोस, रात्री लाजला नाहीस.”
त्याने सांगितलं. बँका. पैसा. सगळं जग खिशात.
तिच्या खिडकीतला एसी बादलीत ठिबकत होता.
मग त्याने फोन काढला. ढिगारा, त्यातली मुलं.
बोलता बोलता त्याचाच गळा दाटला.
तिने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.
“ही मीही पाहते. मलाही झोप नसते.
पण हे दार आवासच्या एका तेल्याच्या नातीचं आहे.
रागावर पत्ता नीट लिहावा लागतो, बाळा,
नाहीतर तो शेजारीच जाऊन पडतो.”

मला वाटलं, आपणही काही बोलावं.
म्हटलं, आमची आत्या शनवार-तेल्याकडूनच तेल आणायची,
म्हणायची, मापात थेंब कमी नाही.
“आत्याला माहीत होतं,” मिलका म्हणाली,
“तुम्ही ह्याला कधी सांगितलंत?”

बादलीत थेंब पडत राहिले.

“उजैर,” तिने नाव जिभेवर घोळवलं.
“आमच्यात एझ्रा म्हणतात. माणूस एकच असावा.
माझा धाकटा भाऊ एझ्रा.”
तो नखं बघत होता.
नखांतला लाल थिनरनेही जात नाही.

माफी त्याने त्या दिवशी मागितली नाही,
तिनेही मागायला लावली नाही.
उतरताना जिन्यात म्हणाला,
मामू, त्या डबीत काय असतं?
बारा वर्षं झाली. मला माहीत नव्हतं.
म्हटलं, वर जाऊन विचार.

दोन पायऱ्या चढला, थांबला.
दार अजून ओलं होतं,
वास जावा म्हणून
तिने ते उघडंच ठेवलं होतं.