नाडीचा रकाना

रात्री दोनला
मेंढीच्या मागच्या मांडीत, आतल्या बाजूनं
दोन बोटं ठेवतो.
काही नाही.
दाबून बघतो. तरी नाही.
आणि ही बया माझ्याकडे बघत
रवंथ करतेय.

खैरनार मॅडम म्हणाल्या होत्या,
भिकन, हा पंप ठोके देत नाही.
पाटाच्या पाण्यासारखं रक्त नुसतं पुढं लोटतो.
हृदय थकलंय तिचं,
जरा टेकू दे त्याला.

अंबडच्या शेडमध्ये, लेथवर
टेकाळेमामांनी कातलंय आतलं चक्र,
बोराच्या बीएवढं.
तीन टाकून दिली.
चौथं नखावर फिरवून बघितलं
आणि कागदात गुंडाळताना म्हणाले,
मोटारीचे पार्ट करताना
हात असा कापत नाही.

वायर कातडीतून बाहेर, बॅटरी गव्हाणीपाशी.
मघाशी आडगावची लाईट गेली तेव्हा
मी श्वास धरला.
पंपानं नाही धरला.

अंधारात लोकरीला कान लावला.
लांब कुठंतरी, गोदेच्या पल्याड,
कुणाच्या मळ्यात मोटर चालू असावी
तसा आवाज.
आणि त्याच्या तळाशी, मधूनच,
एक चुकार धप्.
तिचा होता
की माझ्याच कानातला?

आमच्या वाड्यावर मेंढरू पडलं
की बाप इथंच बोटं लावायचा,
मान हलवायचा, आणि खड्डा खणायला घ्यायचा.
या बोटांना तेवढंच शिकवलंय.

वहीत रकाना आहे: नाडी.
लिहिलं, लागत नाही.
शेरा:
उभी आहे. लसूणघास संपवला.
माझ्या खिशातली द्राक्षाची पानं
हुंगतेय.