पूज्य

अर्जाच्या तिसऱ्या पानावर रकाना आहे:
दरमहा एकूण उत्पन्न.
सहा आकडे सहज मावतील एवढा लांब.
मी एक शून्य काढलं, अगदी डावीकडे,
मग वाटलं, उजवीकडे काढायला हवं होतं.

चिपळूणला जोगळेकर मास्तर शून्याला पूज्य म्हणायचे.
"या, पूज्य मिळवलंत, नमस्कार करतो तुम्हाला,"
आणि खरंच हात जोडायचे, खडूच्या हातांनी.
सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो,
मला पैकीच्या पैकी असायचे तेव्हा.

पाँटिअ‍ॅक, टेलिग्राफ रोड, फेब्रुवारी.
बसमधून उतरलो तर पँटच्या कडांना
रस्त्यावर टाकलेलं मीठ, पांढरं.
या खात्याचं नाव इथे 'न्यायालयाचा मित्र'.
थट्टा नाही, पाटीच आहे तशी.
कुणाचा मित्र, तेही लिहिलंय, म्हणजे गैरसमज नको.

हुकूमनाम्यात माझा एक जुळा भाऊ राहतो.
तो अजून साडेपाचाला उठतो,
ऑबर्न हिल्सला गाडी लावतो, गळ्यात ओळखपत्र,
ब्रेकच्या भागांची चाचणी घेतो,
दर पंधरवड्याला पगार आणतो
आणि एक तारखेला माझ्या मुलीचे
नऊशे चाळीस डॉलर देतो. कधी चुकत नाही.
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की यंत्रं ट्रकवर चढवून नेली,
की आता तिथे फक्त बोल्टांची भोकं आहेत, फरशीत.
मी त्याचाच राजीनामा घेऊन आलोय.

खिडकीतल्या बाई, डेलोरेस,
स्वेटरवर विणलेला लाल पक्षी.
"भत्ता कधी संपला?"
ऑक्टोबरात.
"आणि तुम्ही आज आलात."
त्या रागावल्या नाहीत, नुसतं कॅलेंडर बघितलं.
बदल झालाच तर आजपासून पुढे.
मागचं मागे राहतं, म्हणजे माझ्या नावावर.
तीन महिने. दोन हजार आठशे वीस.

कशासाठी थांबलो होतो मी?
थँक्सगिव्हिंगनंतर भरती होते म्हणाले.
मग नाताळनंतर. मग कुणी काही म्हणेना.
लाजेचा हिशेब एवढा नेमका
मला आजवर कुणी करून दिला नव्हता.

आणि अजून एक रकाना: प्रतिवादीचं पूर्ण नाव.
वैदेही.
कितीतरी वर्षांनी माझ्या हातून उमटलं ते.
तिच्या 'ही'ला दीर्घ वेलांटी,
इंग्रजीत ती दिसत नाही, पण पेन क्षणभर थांबलं.
तिनं तीन महिन्यांत एकदाही विचारलं नाही.
दातांच्या तारांचा हप्ता भरला,
मला कळलं तेही जुईच्या तोंडून.
आता तिला टपालानं नोटीस जाईल,
जाड पाकीट, माझ्या शून्याची प्रत.
मी आधी फोन करायला हवा.
बसथांब्यावर नंबर काढला, हातमोजा काढला,
बस आली.

(केला फोन. रात्री.
ती म्हणाली, "बरं."
मग म्हणाली, "तू जेवतोस ना?"
यातलं पहिलं सोपं होतं.)

शनिवारी जुई आली. नऊ वर्षांची, तारांना निळे रबर.
टेबलावरचा कागद तिनं ओढून घेतलाच.
"हा झिरो कुणाचा?"
माझा. मराठीत पूज्य म्हणतात.
"म्हणजे?"
ज्याच्या पाया पडायचं असतं, असं काहीतरी.
तिनं मला बघितलं, कागदाला बघितलं,
चमचा खाली ठेवला,
भाताचे हात जोडले,
अजिबात न हसता.
मग लोणचं मागितलं.

लोणचं होतं.