उणे ऐंशी

उद्या किल्ली बेटगेरीच्या मुलीकडे.
आज शेवटचा उघडला फ्रीझर.
थंडीचं धुकं चपलांवर सांडलं.
लोकरी हातमोजे, वरून रबरी,
आणि एकतीस वर्षांचं रक्त
करंगळीच्या पेराएवढ्या कुप्यांत.

लेबलांवर माझंच अक्षर, तेव्हाचं, घाईचं:
येळ्ळूर, मुलगी, वय सात, शेंगदाणा.
हुक्केरी, मुलगा, दूध.
जांबोटी, काजू. काजू. काजू.
काही बसवण्णीनं लिहिलेली, कन्नडात.
कन्नड एक म्हणजे तोंड उघडं ठेवलेलं शून्य;
पहिले तीन महिने
मी त्याच्या प्रत्येक एकाला शून्यच वाचत होते.

हातावर थेंब, सुईची टोच, पंधरा मिनिटं,
मग उठलेली गांध मिलिमीटरमध्ये मोजायची.
मुलं पट्टीकडे बघतात,
आया माझ्याकडे.

एका डिसेंबरात कोगनोळी नाक्यावर बसा अडवल्या,
इकडच्या इकडे, तिकडच्या तिकडे.
माझ्या मांडीवर थर्मास,
पुण्याला निघालेला अठ्ठेचाळीस जणांचा सीरम.
निपाणीच्या एका बाईनं बांगडे बाजूला सारून
टोपलीतला बर्फ दिला.
आत काय हाय, तिनं विचारलं.
म्हटलं, बांगडा सोसत नाही अशी पोरं.
ती हसली, आणखी मूठभर घातला.
तरी सव्वीस वाया गेले.
परीक्षकाचं पत्र आलं, नमुना फार लहान आहे.
खरंच होतं.

भाषणाला बोलावतात, शाल देतात,
म्हणतात, मॅडम, शरीराचापण सीमाप्रश्नच की ओ,
आपलं कोण, परकं कोण!
मी शाल घेते.
पेशीनं नकाशा पाहिलेला नसतो.
तिला कळतो प्रथिनाचा एक वाकलेला कोपरा,
तो एकदा चुकून शत्रू म्हणून नोंदला
की जन्मभर ध्यानात.
द्वेष तिला ठाऊक नाही.
स्मरण तेवढं पक्कं.

आणि मी पगार घेतला तो विसरायला शिकवण्याचा.
मोहरीच्या शंभराव्या हिश्शाएवढी पूड, आज.
पंधरवड्यानं किंचित जास्त.
हुक्केरीच्या त्या मुलानं अकराव्या वर्षी
पहिला कुंदा खाल्ला, माझ्या टेबलाशी.
अॅड्रेनलिनची भरलेली सुई पदराआड धरून
मी दोन तास उभी.
काही झालं नाही.
म्हणाला, लई ग्वाड हाय, नको.

पहिल्या पेटीतलं पहिलं घर रिकामं आहे.
ते कुणाला भरू दिलं नाही.

सातेरी. कणकुंबीची शाळा, चौथी.
भट्टीवरून उचललेले काजूगर
मी फ्रॉकच्या खिशातून दिले तिला,
गरम, चार की पाच.
ओठ चुरचुरूलालेत गे, म्हणाली.
मला वाटलं, नाटक.
खानापूरची बस दोन तासांनी होती.
लोक म्हणाले, लागिर.
बाईंनी हजेरीतलं नाव खोडलं नाही,
नुसतं वगळून पुढचं वाचू लागल्या.

तिचं रक्त कुणी घेतलं नाही.
माझ्या कुठल्याच निबंधात ती नाही,
तळटीपेतसुद्धा.

बेटगेरीची मुलगी यादी जुळवत होती, खाली मान घालून.
मॅडम, ह्यो एक नंबर रिकामा का?
तिला बसवण्णीचा एक
पहिल्या नजरेत वाचता आला.
असू दे, म्हटलं. राहू दे तसाच.
तिनं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं समोर,
मी पाहिलं नाही.

दार लावलं.
बराच वेळ उघडं राहिलं होतं;
काचेवरचा आकडा हळूहळू खाली जाऊ लागला,
उणे एकाहत्तर,
उणे चौऱ्याहत्तर,
मी हातमोजे काढले, बोटं बधिर,
उणे अठ्ठ्याहत्तर.