लाकडाच्या नोंदवहीतून

एकवीस हिवाळे झाले, लष्करात
महापालिकेची ऊब माझ्या सहीनं वाटली जाते.
चौकामागं एक क्विंटल, ओल वजा करून.
बाड्यावर, कंपूत, हजिऱ्याला,
स्टेशनबाहेर अर्धा जास्त;
तिथं झोपणाऱ्यांची शिरगणती रोज चुकते.

यंदा शितोळेबाई आल्या, नव्या इंजिनीयर.
म्हणाल्या, काका, कर्ब शून्यावर आणायचाय.
शहरात ऊब कुठं लागते, कुठं वाया जाते,
आधी नकाशा करू.
वाया? मी म्हटलं. इथं?
पौषात ग्वाल्हेरच्या नळालाही हुडहुडी भरते.

पहाटे पाचला मला नेलं
स्वर्णरेखेच्या पुलावर.
नाला वाफाळत होता.
जन्मभर नाकाला रुमाल लावून ओलांडलेला तो,
आणि त्यांनी दोरीला थर्मामीटर बांधून
आडात पोहरा सोडावा तसं सोडलं.
हवा चार. नाला सतरा.
"अख्ख्या गावाचं आंघोळीचं पाणी हे, काका,
अजून निवलेलं नाही."

दूध डेअरीच्या शीतगृहामागं
गरम झोताखाली सात कुत्री,
आणि मधोमध कल्याण बाथम, सायकलरिक्षावाला.
आमच्याआधीच त्याचं सर्वेक्षण झालेलं.
बाईंनी नकाशावर लाल टिंब दिलं तेव्हा
तो एवढंच म्हणाला, इथून उठवणार का?

नत्थीलाल राठौरकडं गजक कुटत होते,
धम्म धम्म, खरपूस तीळ, भट्टीचा उजेड गालांवर.
भट्टी विझवा, तो म्हणाला, पण बत्ती गेली
आणि पाकाचा दगड झाला
तर तो तुमच्या फायलीवर ठेवायला आणून देईन.
बाईंनी तेही लिहून घेतलं.

माधवगंजात एक बाई, नव्वदीच्या.
उष्णतेची गरज किती?
दीड बादली.
मग थांबून: पाठ चोळायला कुणी असेल तर एकच पुरे.
यासाठी फॉर्मात जागा नव्हती.

आणि मुक्तिधामाचा रकाना आला.
ताप तिथंही असतो; परदेशात म्हणे वापरतात.
बाईंनी पेन उचलून धरलं.
त्यांच्या वडलांना कार्तिकात नेलं होतं,
लाकडाची पावती माझ्याच हातची.
रकाना कोरा ठेवून आम्ही चहाला गेलो.

योजना आता भोपाळला आहे. तिसऱ्यांदा.
पहिल्या टप्प्यात नाल्यावरचा पंप,
तिथून रैनबसेऱ्याला नि प्रसूतिगृहाला गरम पाणी.
एका नगरसेवकानं विचारलं, नाल्याच्या पाण्यानं
बाळंतिणीला न्हाऊ घालणार?
पाणी नाही हो, ऊब फक्त, बाई म्हणाल्या,
नळ्या वेगळ्या, पाणी वेगळं, आणि फळ्यावर चित्र काढायला लागल्या.
खडू दोनदा मोडला.

आज रात्री वही उघडली.
कंपू, एक क्विंटल. हजिरा, एक क्विंटल.
स्टेशनबाहेर दीड.
खाली एक ओळ उरली होती, तिथं लिहिलं:
डेअरीमागं. माणूस एक, कुत्री सात.
लाकूड शून्य.