बी बाजूचं चौथं

'तिसरी पाळी'चं नाव काढलं की लोक लगेच 'उड्डाणपूल' म्हणतात.
म्हणू देत.
वाईट नाही ते गाणं.
वरातीत वाजलंय, ऐरोलीच्या दहीहंडीत वाजलंय,
माझ्या भाच्याला तोंडपाठ आहे,
बँडचं नाव विचारलं तर खांदे उडवतो.

मी बोलतेय ते बी बाजूचं चौथं.
'कुलूप'.
दोन मिनिटं छत्तीस सेकंद.
धड ध्रुवपद नाही, धड शेवट नाही,
कव्हरवर नावसुद्धा चुकलेलं, लू ऱ्हस्व.

कोपरखैरण्यात तेव्हा झाडं गुडघ्याएवढी होती
आणि पत्ता म्हणजे नुसते आकडे.
टेपरेकॉर्डर दादाचा, सेल माझ्या पैशांचे,
असा आमचा करार.
तो ए बाजू ऐकून झोपी जायचा.

गाण्यात काय आहे म्हणाल, तर
एक माणूस रात्री घरी येतो, किल्ली लागत नाही.
बस्स.
दार वाजवत नाही, हाक मारत नाही,
जिन्यात बसून वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो.
गिटार एकाच तारेवर घासत राहते,
चप्पल शोधणाऱ्या पायासारखी.
आणि एक मिनिट पन्नासला
ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटते.
टक्. टक्.
सगळे थबकतात,
पुन्हा सुरू होतात, पण अर्धी मात्रा मागे,
आणि मग मागेच राहतात.

ती अर्धी मात्रा माझी.
बाकीचं गाणं कुणीही घ्या.

बारावीला माझं एक वर्ष गेलं.
बरोबरच्या मुली वाशीच्या कॉलेजात, नव्या सँडल घालून.
घरात माझी कुणी समजूत घातली नाही,
त्या काठीने घातली.

पुढे कंपनीने जुनी गाणी धुऊनपुसून परत बाजारात आणली.
फोनवर लावलं.
एक पन्नास आलं, गेलं.
काठी पडलीच नाही.
इस्त्री केल्यासारखं सरळसोट गाणं.
मी तुर्भ्याला वजनकाट्यावर, समोर कांद्याचा ट्रक,
ड्रायव्हर म्हणतोय, मॅडम, पावती.
त्या दिवशी भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची राहिली,
सात वर्षांत पहिल्यांदा.
मार्केटभर बोंब झाली. होऊ दे.

मग दिवाळीच्या आधी आमच्या नेरुळच्या सोसायटीत
पाण्याच्या टाक्या धुवायला माणसं आली.
मालक गच्चीवर उभा, पोट सुटलेला,
पँट घोट्याच्या वर दुमडलेली.
हात बघून ओळखलं म्हणाले तर खोटं होईल.
बिलावर सही वाचली : हरेश मढवी.

'तुम्ही ते... तिसरी पाळी?'
सवयीने हसला. 'उड्डाणपूल ना?'
'नाही. कुलूप.'

हातातली बादली त्याने खाली ठेवली.
'ते कुणी ऐकलं?'
'तुमची काठी पडते त्यात.'
'काठी कुठली! रबाळ्याच्या गाळ्यात चाललेलं रेकॉर्डिंग, रात्री दोनला.
वॉचमनने शटरवर दांडका हाणला, बंद करा म्हणून.
आम्ही नाही ऐकलं.
मग त्याने जाऊन मेन स्विच पाडला.'
थोडा थांबला.
'अजून एक कडवं होतं. त्यात दार उघडतं.
सांगू?'

खाली कुणाची तरी रिक्षा मागे येत होती, टीं टीं करत.
ती पूर्ण मागे येईस्तोवर मी काही बोलले नाही.

'नको', म्हटलं.

वाईट वाटलं असेल त्याला, कदाचित नसेलही.
बिलात पन्नास रुपये कमी केले,
कशाचे ते मी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला पाणी नव्हतं.
सातला नळ उघडला,
तर आधी नुसती हवा, खोकत खोकत,
मग एक गचका,
मग पाणी.