तीन नंबर

फैजपूर नाक्यावर सुभान तडवीच्या शेडपुढं
गाडी लावली तेव्हा सकाळचे नऊ झाले होते,
लिंबाची सावली अर्ध्या बोनेटवरच.
रेस सोडली की आख्खी केबिन थरथरायची,
डॅशबोर्डवरचा चहाचा ग्लास
आपला आपणच कडेला सरकायचा.
चढाला तर बैलगाडीनं मागं टाकलं असतं.
मागं सावद्याची केळी, नऊ टन,
पाल्यात निजवलेली.
दिल्लीपर्यंत हिरवीच राहायला हवीत.

मी सांगायला लागलो,
डिझेलच खराब, गाडी म्हातारी, शेठ पैसे सोडत नाही,
त्यात हे ऊन...
सुभाननं हात वर केला.
"तू नको सांगू. गाडीले सांगू दे."

उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही,
डावा नावाला.
खडीच्या क्रशरवर गेले दोन्ही, असं सांगतो,
जत्रेत चप्पल हरवल्यासारखं.
लांब पेचकस घेतो,
टोक इंजिनवर, मूठ जबड्याच्या हाडाला,
आणि डोळे मिटतो.
तेवढा वेळ शेडमध्ये रेडिओ बंद ठेवायचा,
पोरंसुद्धा पाने खाली ठेवतात.

आधी फिल्टर. पाण्याचा थेंब नाही.
हातपंप मारून एअर काढली,
बुडबुडा नाही, फेस नाही, सरळ धार.
एअर क्लीनर आपटला. धूळ निघाली पसाभर,
पण तेवढ्यानं कुणी असं लंगडत नाही.

मग नोझलच्या पायपांचे नट,
एकेक, अर्धा आटा ढिला.
एक नंबर. गाडी अजून बसली, घशात कोंडल्यासारखी.
म्हणजे तो ओढत होता.
दोन नंबर. तसंच.
तीन नंबर ढिला केला,
डिझेल उडालं त्याच्या मनगटावर
आणि आवाजात काहीच बदललं नाही.
"हा बसून खातो," सुभान म्हणाला.
तरी चार, पाच, सहाही तपासले त्यानं.
एक सापडला म्हणून बाकीचे सुटत नाहीत.

तिनाचं नोझल पाचाला, पाचाचं तिनाला.
दुखणं जागचं हललं नाही.
बाराला टॅपेट कव्हर उघडलं.
फडताळातून जुन्या फोटोची काच काढली
(फोटो कुणाचा होता, विचारलं नाही),
त्यावर शेजारची पुशरॉड लोटली.
ती गपगुमान लोळत गेली.
तिनाची मात्र लडखडली,
खालून उजेडाची फट उघडायची, मिटायची,
उघडायची.

"हे आपोआप होत नाही."
एवढंच बोलला. माझ्याकडं पाहिलंही नाही.

बिजासनचा घाट. मंगळवारची रात्र.
परतीचा लसूण भरलेला,
आणि मी न्यूट्रलवर, नेहमीसारखाच.
एका उतारात वाचतात दोन-तीन लिटर,
पळासनेरला ढाब्यामागं कॅन घेणारा उभाच असतो.
तिसऱ्या वळणावर ब्रेक पायाखाली मऊ झाला
आणि मी गियर कोंबला, मिळेल तो.
इंजिन असं किंचाळलं
की थोडा वेळ लसणाचा वाससुद्धा येईना.
खाली उतरून टायर पाहिले. टायर ठीक होते.
मग कॅन भरून दिला.

सुभाननं डालड्याच्या डब्यातून एक सरळ रॉड शोधली,
काचेवर लोटली, बसवली,
पत्ती घालून टॅपेट लावला.
सेल्फ मारला. पांढरा धूर दोनदा खोकला आणि विरला.
सहाही जण आता एका दमात बोलत होते.
पेचकस जबड्याला लावून तो बराच वेळ उभा राहिला,
गरज नसताना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भंगाळे शेठ.
स्पीकरवरून सगळ्या शेडनं ऐकलं, "काय निघालं रे?"
सुभाननं कानाकडं बोट दाखवलं,
ऐकू येत नाही असं,
आणि फोन माझ्या हातात दिला.
वाकडी रॉड भंगारात टाकली नाही त्यानं.
चिंधीनं पुसली
आणि माझ्या सीटवर ठेवली, स्टिअरिंगकडं टोक करून.

डॅशबोर्डवर सकाळचा चहा तसाच,
त्यावर साय धरलेली, एक सुरकुती हलत नव्हती.
"हॅलो," शेठ म्हणत होते,
"हॅलो?"